सोसेल तेवढंच

आधी 'टक' गेलं.

आमची शर्वरी 'महादीप' वाहिनीवर संध्याकाळी सातच्या बातम्या वाचायची. वाहिनी पुण्याची, घर आमचं इचलकरंजीत. एक बातमी संपली की ती समोरचा कागद डाव्या मनगटानं बाजूला सारायची, आणि सारताना मनगटावरचं तांब्याचं कडं टेबलाला लागायचं. टक. बातम्यांच्या टेबलावरचे कागद आता नुसते शोभेला असतात, पण ते 'टक' मला पुरायचं. पोरगी जागेवर आहे, काम चाललंय, एवढं कळायचं.

नवरात्र बसलं त्याच सुमाराला एका संध्याकाळी पहिली बातमी संपली, दुसरी सुरू झाली, आणि मध्ये काहीच वाजलं नाही. मला वाटलं कानात मळ साठला असेल. तिसरी संपली. नाहीच.

"अहो, टक कुठं गेलं?"

"कसलं टक?" आमचे हे म्हणाले.

"शरूचं कडं वाजत नाहीय."

"काढून ठेवलं असेल."

आंघोळीला न काढणारी पोरगी बातम्यांना काढून ठेवेल? आणि गंमत म्हणजे माझ्या कानातलं यंत्र तर सांगत होतं, 'शर्वरी डाव्या मनगटानं कागद सारते.' कागद सरला, कडं वाजलं नाही. मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. तुम्ही म्हणाल, बाई संशयी आहे. आहेच मी संशयी. दिसत नसताना इतकी वर्षं एसटीडी बूथ चालवला. संशय नसता तर लोकांनी गल्ल्यासकट बूथ उचलून नेला असता.

माझं नाव मालन हावळ. आठव्या वर्षी तापात डोळे गेले, त्यामुळं चेहरे, रंग अजून थोडे आठवतात. आमचे हे, म्हणजे रघुनाथराव, जन्मापासूनच अंध. ते बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते. माझ्या बूथवरून बँकेला फोन लागायचे, आणि लाईन जोडता जोडता आम्हीच जोडले गेलो. आमच्या घराचा एक रिवाज आहे. आत येणाऱ्यानं दारातच नाव सांगायचं आणि जाणाऱ्यानं 'निघालो' म्हणायचं. मान हलवून सटकायचं नाही. नाहीतर आम्ही बसतो रिकाम्या खुर्चीशी गप्पा मारत. शरू बोबडं बोलायला लागली तेव्हापासून दारात उभी राहून ओरडायची, "मी शरू, आले!" पहिल्या दिवशी शाळेच्या वर्गातसुद्धा तशीच ओरडली, बाई पोट धरून हसल्या म्हणे.

तिचा डावा हात मनगटापाशी संपतो. जन्मतःच तसा आहे. दवाखान्यात सगळे एकदम गप्प झाले, शेजारच्या अक्काताई मगदूम तर मुसमुसायलाच लागल्या, तेव्हा मी म्हटलं, द्या इकडं. चाचपून बघितलं. पुढचं टोक मऊ आणि गोल, भाकरीच्या पिठाच्या छोट्या गोळ्यासारखं. मला काही वाईट वाटलं नाही. आठव्या वर्षापासून लोकांचा चुकचुकाट ऐकत आले होते, माझे कान निबर झालेले. ती रांगायला लागल्यावर त्याच हाताला घुंगरू बांधलं, पोर कुठल्या कोपऱ्यात शिरलंय ते कळायला. आमच्यासारख्या आईबापांना ते करावंच लागतं. पुढं घुंगराचं कडं झालं.

सहा वर्षांची असताना टीव्ही बघता बघता तिनं विचारलं होतं, "आई, टीव्हीवर माझ्यासारखा हात कुणाचाच कसा नाही?"

मी म्हटलं, "मला काय माहीत बाई, मला कुठं दिसतंय?"

हसण्यावारी नेलं, पण प्रश्न घरात राहिला तो राहिलाच. पुढं आमच्यासारख्या लोकांनी धरणं धरलं, उन्हात बसलो, तेव्हा कुठं नियम झाला की सार्वजनिक वाहिन्यांवर अपंग माणसं दिसली पाहिजेत आणि प्रत्येक कार्यक्रमाचं वर्णन अंधांना ऐकू आलं पाहिजे. शरू त्या नियमातून निवडली गेली. तोंड वाजवण्यात आईवर गेलीय, त्यामुळं निवड होणारच होती. सध्या कंत्राटावर होती, दिवाळीनंतर कायम करणार होते. जाताना मला म्हणाली, "आई, आता तो प्रश्न कुठल्या पोरीला पडायला नको." सगळा आटापिटा होता तो एवढ्यासाठी.

आता कानातल्या यंत्राबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

त्याचं नाव 'सांगाती'. शेंगदाण्याएवढं, कानाच्या पाळीला चिकटतं. पडद्यावर काय चाललंय ते दोन वाक्यांच्या मधल्या फटीत कानात सांगतं. पूर्वी हे काम माणसं करायची. फट दोन श्वासांची आणि पडद्यावर गोष्टी शंभर. साडी, भिंत, डोळे, हात, दारात कोण उभं आहे ते. शंभरातल्या चार निवडून सांगायच्या. वर्णन म्हणजे शेवटी निवड. माणूस होता तेव्हा निवड सगळ्यांना एकच ऐकू यायची. सांगाती मात्र ज्याची त्याला वेगळी निवड करून देतो. पाळीतली नाडी त्याला लागते. कुठल्या शब्दाला नाडी उडाली, कशानं घाम आला, कुठं श्वास अडकला, हे तो टिपत राहतो आणि पुढच्या खेपेला तो शब्द गाळतो. कुणाला दुखवायचं नाही, कुणी कंटाळून वाहिनी बदलायची नाही, एवढंच त्याला शिकवलेलं. जाहिरातीत म्हणायचे, 'सांगाती, सोसेल तेवढंच!' आम्हा दोघांना वाटलं, आवाज लहानमोठा करण्याबद्दल चाललंय. खुळी आम्ही.

तसं कळायला हवं होतं. एकदा मालिकेत सासूनं सुनेपुढं ताट भिरकावलं. मी म्हटलं, "काय बाई आहे, अन्न फेकते!" तर हे म्हणाले, "फेकलं कुठं, ठेवलं की." त्यावरून आमचं रात्रीच्या जेवणापर्यंत वाजलं. हे म्हणाले तुझा कान गेला, मी म्हटलं तुमची अक्कल गेली. दोघांच्या कानात दोन वेगळी ताटं होती, हे काही डोक्यात आलं नाही.

आणखी एक. शरूच्या पहिल्या आठवड्यात सांगातीनं मला सांगितलं होतं, 'शर्वरीचा चेहरा ओढलेला.' झालं! मी दुसऱ्या दिवशी फोनवर फोन करून पोरीचं डोकं खाल्लं. जेवतेस का, झोपतेस का, कोण काय बोललं का. त्यानंतर मात्र तो रोज सांगायचा, 'चेहरा प्रसन्न.' मला वाटलं, रुळली पोरगी.

टक गेलं त्याच आठवड्यात अक्काताई पुरणाची वाटी घेऊन आल्या. दारातून "मी अक्काताई" म्हणाल्या, रिवाज त्यांनाही पाठ. बसल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई शरूच्या हाताचं ऑपरेशन करून घेतलंत ते. अगदी खऱ्यासारखा दिसतोय."

"कसला हात?"

"डावा गं. दोन्ही हातांनी कागद उचलते की आता. मी तर देवीची ओटी भरली."

माझ्या घशात पुरण अडकलं. अक्काताईंना वाटलं, सांगायचं नव्हतं ते बोलून गेले. गडबडीनं "निघाले गं" म्हणाल्या आणि गेल्या.

मला सगळं लख्ख कळलं असं वाटलं. पोरीनं गुपचूप नकली हात बसवून घेतला. म्हणून कडं नाही, म्हणून टक नाही. आम्हाला दिसत नाही, मग सांगायचं कशाला! इतकी चिडले मी. धरण्यात बसले ती काय यासाठी? पुण्याच्या लोकांत मिसळायला हात झाकायचा? राग होता आणि रागाच्या खाली रडू होतं.

फोन लावला. "शरू, हात बसवून घेतलास का?"

पलीकडं तिनं दार लावलेलं ऐकू आलं. मग म्हणाली, "आई, तू पण?"

"तू पण म्हणजे?"

"काही नाही. मीटिंग आहे. निघाले."

तिनं 'नाही' म्हटलं नव्हतं. मी यांना म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय. हे नुसते "हं" म्हणाले आणि उठून गॅलरीत गेले. त्यांचं ते 'हं'सुद्धा मला आवडलं नाही.

दसऱ्याला शरू आली. "मी शरू, आले!" दारातून तोच आवाज. मी चप्पलसुद्धा काढू दिली नाही, सरळ डावा हात धरला. कोपर, मनगट, मनगटावर कडं, आणि पुढं तेच मऊ गोल टोक. जन्माला आली तेव्हा होतं तेच.

"बघितलंस? समाधान झालं?" ती म्हणाली. आवाजात राग होता.

"मग अक्काताई खोटं बोलतात का?"

"काय म्हणाल्या अक्काताई?"

सांगितलं. तिनं पिशवी खाली ठेवली. मग माझा हात धरून म्हणाली, "चल, त्यांना सोनं देऊन येऊ."

आपट्याची पानं घेऊन आम्ही शेजारी गेलो. अक्काताईंना आनंद झाला, पण शरूचा हात समोर बघून त्यांची बोलतीच बंद झाली. "अगं... आणि परवा... टीव्हीत तर..." म्हणाल्या, "थांब, दाखवतेच तुला." हाताच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, पण त्या दिवशी आरसाच लागला. त्यांनी आदल्या दिवशीच्या बातम्या लावल्या. शरूचा आवाज घरात घुमला, अतिवृष्टीची बातमी होती. बातमी संपली. टक नाही.

शेजारी उभ्या असलेल्या शरूचा श्वास मला ऐकू आला.

"आई," ती म्हणाली, "बोटं आहेत."

"काय?"

"माझ्या डाव्या हाताला. पाच आहेत. नखं पण रंगवलीत, साडीला जुळणारी."

आत्ता गं बया! अक्काताई म्हणत होत्या, "मी काही नाही केलं हो, मी फक्त बघते." शरू हसायला लागली, आणि हसता हसता तिचा आवाज चिरला. म्हणाली, "आई, पुण्यात लोक ओळखतात, पळत येतात, फोटो मागतात, आणि मग खाली बघून दचकतात. मागं सरतात. मला वाटायचं किळस येतीय त्यांना. तू फोनवर विचारलंस तेव्हा वाटलं, आता आईला पण नको झाला हा हात. ते लोक तर चक्रावत होते गं. त्यांनी हा हात कधी बघितलाच नव्हता."

तिला स्वतःला कळलं कसं नाही, असा प्रश्न तुम्हाला पडेल. मलाही पडला. स्टुडिओतल्या पडद्यावर मूळ चित्र दिसायचं. आणि स्वतःच्या फोनवर ती स्वतःला बघायची तेव्हा फोन तिला तिचाच हात दाखवायचा, कारण तिला तोच बघायला आवडायचा.

तिथूनच तिनं तिच्या निर्मात्याला, देवस्थळींना फोन लावला आणि आवाज मोठा केला. माणूस गोड बोलत होता. असल्यांचीच मला जास्त भीती वाटते.

"शर्वरी, सणाच्या दिवशी कशाला हे? नवरात्रापासून आपण प्रयोग सुरू केलाय. अंधांसाठी सांगाती जे करतो तेच डोळस प्रेक्षकांसाठी. टीव्हीच्या कपाळावर बारीक कॅमेरा असतो. बघणाऱ्याची नजर कुठं अडखळते, कधी तो वाहिनी बदलतो, ते कळतं. ज्यांची नजर हातावर अडखळते त्यांना आपण जरा सोपं चित्र देतो. हात बदलला की त्याचा आवाजही जातो. ज्यांना चालतं त्यांना खरा हात दिसतोच की."

"किती जणांना चालतं, सर?"

तो खोकला. "हळूहळू वाढतील."

"पण नियम?"

"नियम आपण पाळतोय. नियमानं अपंग व्यक्ती कॅमेऱ्यासमोर पाहिजे. तू आहेस. प्रेक्षकाच्या डोळ्यात काय जातं, त्याबद्दल नियम काही बोलत नाही. बातमीचे शब्द तेवढे सोवळ्यात आहेत, त्यांना हात लावता येत नाही. बाकी चेहरा, आवाज, कपडे ही सजावट. आणि त्याचे हक्क करारानं कायमचे वाहिनीकडे आहेत, वाचलायस ना तू? दिवाळीनंतर तुला कायम करायचंय मला. उगाच फाटे फोडू नकोस."

फोन बंद झाला. अक्काताई रडवेल्या होऊन म्हणाल्या, "शरू, मला काही तुझ्या हाताची घाण नाही वाटत गं. जन्मल्यापासून बघतेय. टीव्हीत दिसला की पोटात तुटायचं, पोरीला कोण काय म्हणेल असं व्हायचं, म्हणून बघत बसायची नुसती."

माझ्या डोक्यात घंटा वाजली ती तेव्हा. यंत्राला नजर अडखळलेली दिसते, कशानं अडखळली ते दिसत नाही. माया आणि किळस दोन्ही त्याच्या लेखी एकच.

आणि मग दुसरी घंटा वाजली. अक्काताईंच्या टीव्हीत टक नाही, ते अक्काताईंमुळं. आमच्या टीव्हीत कुणामुळं?

आमचा टीव्ही यांच्या नावावर होता. यांच्या सांगातीला जोडलेला.

घरी आले ती तशीच. शरूला म्हटलं, तू ऐक. यांना म्हटलं, "तुमचा सांगाती शरूबद्दल काय सांगतो? शब्दाला शब्द सांगा."

"सांगतो की. साडी, टेबल, मागचा नकाशा."

"आणि हात?"

हे कोचावर सरकून बसले.

"हात सांगतो का नाही?"

"पहिल्यांदा सांगायचा. मग बंद झाला."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"काय बोलू? बरं वाटलं मला."

इतक्या वर्षांचा संसार, पण त्या क्षणी मला त्या माणसाचा हात झटकावासा वाटला. म्हटलं, "लाज वाटते तुम्हाला पोरीची! माझ्या पोरीचा हात तुम्हीच पुसलात!"

"लाज नाही गं." यांचा आवाज असा कापताना मी कधी ऐकला नव्हता. "मी जन्मभर लाईनवर बसलो, मालन. लोकांना वाटायचं फोन ठेवला गेला, आणि मग ते काय काय बोलायचे, 'आंधळा बसवलाय' म्हणायचे, ते मी ऐकलंय. हात म्हटलं की मला तेच ऐकू येतं. वाटतं, आता घराघरात तिला तसं म्हणत असतील. छातीत धडधडतं. मी त्याला गाळ म्हणून सांगितलं नव्हतं. त्यानंच गाळला."

शरू उठून त्यांच्यापाशी गेली. कडं वाजलं. मी अजून रागातच होते. म्हटलं, "मला तर सगळं सांगतो माझा. हात पण सांगतो. आणि चेहरा प्रसन्न आहे म्हणून सांगतो."

"प्रसन्न?" हे म्हणाले. "माझा तर रोज सांगतो, चेहरा ओढलेला, डोळ्यांखाली काळं, घसा खाकरते, पाणी पिते. मला वाटलं, तुला पण सांगतोय. तू काही बोलत नाहीस, तर मी कशाला उकरून काढू?"

माझ्या पायाखालची फरशी सरकली. यांना चेहरा म्हणजे काय, ते ठाऊक नाही, त्यामुळं ओढलेल्या चेहऱ्याला यांची नाडी उडत नव्हती. मला चेहरे आठवतात, माझी उडायची. यांना हात सोसत नव्हता, मला चेहरा. एकाच खोलीत, एकाच कोचावर बसून आम्ही अर्धी अर्धी लेक बघत होतो, आणि मी संशय घेत होते तो सगळ्या जगावर. स्वतःच्या कानावर नाही.

"खरं काय?" मी शरूला विचारलं.

"बाबांचं खरं," ती म्हणाली. "थकलेय गं आई मी. लोक मागं सरायचे ना, त्यानं थकले."

मी तिला जवळ घेतलं. दोघी रडलो, लपवायचं कुणापासून?

जायच्या दिवशी हे म्हणाले, "टीव्ही आता मालनच्या नावावर करतो. तिला हात सोसतो. निदान आमच्या घरात तरी टक वाजू दे." शरूनं करून दिलं. दारात म्हणाली, "आई, सोमवारी सातला बघ. सांगाती नको घालूस." आणि "निघाले" म्हणून गेली.

काय करणार, ते तिनं सांगितलं नाही. मला कळलं होतं. एकदा म्हणावंसं वाटलं, गप बस पोरी, दिवाळीपर्यंत तरी गप बस, कायम होऊ दे. जिभेवर आलं होतं. पण सहा वर्षांची शरू मध्ये उभी राहिली आणि मी गिळून टाकलं.

सोमवारी सांगाती काढून आम्ही दोघं टीव्हीसमोर बसलो. मी यांचं मनगट धरून ठेवलं, नाडी तडतड उडत होती. माझी काही वेगळी नसणार. सात वाजले. ठरलेलं संगीत वाजलं, आणि मग शरूचा आवाज आला, सरळ, बातमीचा.

"आजची पहिली बातमी. आमच्या घरी आई-वडील दोघंही अंध आहेत. तिथं आत येणाऱ्यानं आपण कोण ते सांगायचं असतं. ते मी इथं सांगायचं राहून गेलं होतं. मी शर्वरी हावळ. माझा डावा हात मनगटापाशी संपतो, जन्मापासून. तुमच्या पडद्यावर मला बोटं दिसत असतील तर ती माझी नाहीत. तुम्हाला माझा हात सोसणार नाही, असं ही वाहिनी तुमच्याबद्दल समजते. तुम्हाला विचारलं होतं का कुणी?"

मग तिनं बाकीच्या बातम्या वाचल्या. धरण, बाजारभाव, क्रिकेट. एक शब्द चुकली नाही. शेवटी म्हणाली, "आमच्याकडं न सांगता कुणी उठत नाही. निघाले."

हे ढसाढसा रडले. "बोलली गं," एवढंच म्हणत राहिले. अक्काताई धावत आल्या, नाव सांगायचंसुद्धा विसरल्या. "मालन, मी त्या टीव्हीच्या कपाळावर चिंधी बांधली! आता बघ म्हणावं माझ्याकडं!" गल्लीतल्या आणखी दोनतीन घरांनी तेच केलं म्हणे.

वाहिनीनं दुसऱ्याच दिवशी कंत्राट संपवलं. शब्दांना हात लावता येत नव्हता, शब्द बोलणारीला काढता येत होतं. शरू सामान घेऊन घरी आली. गाठीला वकील होता, आमच्या धरण्यातली जुनी मंडळी होती. लढू, म्हणाली. चेहरा कसा होता, कोण जाणे. मी हातानं चाचपून बघितला, थोडा ओढलेलाच होता.

आठवडाभर आमचा टीव्ही बंदच होता. मग एका संध्याकाळी सात वाजता माझ्यानं राहवेना. संशय, दुसरं काय. माझ्या लेकीच्या खुर्चीत कोण आणून बसवलीय, ते बघावं तरी. शरू माझ्याजवळ जमिनीवर बसून फोनवर वकिलाचं काहीतरी वाचत होती, डावा हात माझ्या मांडीवर टाकलेला. हे आत भात लावत होते. शरूला त्रास नको म्हणून मी टीव्हीचा पडदा चालू केला नाही. सांगाती कानाला चिकटवला आणि आवाज तिथंच घेतला.

"नमस्कार," कानात आवाज आला. "सुरुवात करूया ठळक बातम्यांनी."

तो शरूचा आवाज होता.

पाठोपाठ सांगाती हळूच बोलला, 'शर्वरी हावळ, निळी साडी, चेहरा प्रसन्न. डाव्या मनगटानं कागद सारते.'

आणि टक वाजलं. इतके दिवस ज्याच्यासाठी कान टवकारून बसले होते ते टक, अगदी तस्सं.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. छाती हलकी झाली, खांदे सैल पडले. आणि मग कळलं की पाळीला चिकटलेलं ते यंत्र माझं हे बरं वाटणंसुद्धा मोजत बसलंय. मला काय सोसतं ते त्याला पक्कं सापडलं होतं. तिकडं खुर्चीत कुणीही असो, मला आता मरेपर्यंत रोज सातला माझी लेक ऐकू येणार होती.

मी मांडीवरचा हात घट्ट धरला. कडं होतं, मनगट होतं, ऊब होती. तरी विचारलं.

"शरू, नाव सांग गं एकदा."

"काय झालं आई? मी शरू. इथंच आहे की."

माझा हात कानाकडं गेला, पण मध्येच थांबला. दुसरी बातमी संपत आली होती, आणि पुढचं टक आता वाजणार होतं.